पाकिटाचं वजन आणि दुकानदाराचा हिशेब

दिवाळी जवळ आली की वरोऱ्याच्या बाजारपेठेतले कापड दुकानदार, कृषी केंद्रवाले आणि सराफ जुन्या गिऱ्हाइकांच्या पत्त्यांची वही काढतात. भद्रावती, चिमूर, पार गडचिरोलीपर्यंतची नावं तिच्यात असतात. त्यांना पत्रं पाठवण्याचा हिशेब आता नव्याने मांडायला हवा.

२०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून स्पीड पोस्टचे नवे दर लागू झाले. त्याआधीची दरवाढ २०१२ सालची होती. पूर्वी वीस ग्रॅमचं रजिस्टर पत्र करासह २५ रुपये ९६ पैशांत जायचं. आता पन्नास ग्रॅमपर्यंतच्या स्पीड पोस्टला गावाबाहेर ४७ रुपये आणि वर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे ५५ रुपये ४६ पैसे पडतात. दोनशे गिऱ्हाइकांना पोच मिळेल अशी पत्रं धाडणाऱ्याचा खर्च ५,१९२ रुपयांवरून थेट ११,०९२ रुपयांवर गेला. छोट्या दुकानदाराला हा भार जड आहे. सही खुद्द त्याच माणसाची हवी असेल, तर प्रत्येक पत्रामागे आणखी पाच रुपये आणि कर.

दुसरी बाजूही आहे. गावातल्या गावात हाच दर १९ रुपये आहे. करासह २२ रुपये ४२ पैसे होतात, म्हणजे जुन्या रजिस्टरपेक्षा स्वस्त. शिवाय गावाबाहेरच्या पत्राला पन्नास ग्रॅमपर्यंत अंतराचा प्रश्नच नाही. वरोऱ्याहून सिरोंचा असो की कोलकाता, पैसे तेवढेच.

पण जाहिरातीच्या पत्राला पोच कशाला हवी? उधारीची नोटीस, संस्थेच्या सभेची सूचना वेगळी. सेलची बातमी साध्या टपालाने जाऊ शकते, आणि तिथे वीस ग्रॅमपर्यंत पाच रुपयेच लागतात.

खरी मेख या वीस ग्रॅममध्ये आहे. साध्या सत्तर जीएसएमच्या ए-फोर कागदाचं वजन साधारण साडेचार ग्रॅम भरतं. असे तीन कागद पाच-सहा ग्रॅमच्या पाकिटात घातले तरी मर्यादा ओलांडत नाही. एकशेतीस जीएसएमचा चकचकीत कागद मात्र आठ ग्रॅमचा. असे दोनच कागद घातले तरी पाकीट वीसच्या पुढे सरकतं आणि तिकीट दुप्पट, दहा रुपयांचं लागतं. शेजारच्या आनंदवनात हातांनी शुभेच्छापत्रं तयार होतात. तशी जाड कागदाची कार्डं पाठवणाऱ्यांनी तर हे आधीच तपासावं.

पोस्टकार्डाबाबत बहुतेकांची गफलत होते. हाताने लिहिलेलं कार्ड पन्नास पैशांत जातं, पण त्यावर मजकूर छापला की ते ‘छापील कार्ड’ ठरतं आणि दर सहा रुपये होतो, बंद पाकिटापेक्षाही एक रुपया जास्त. कमी तिकिटाचं पत्र बेरंग होतं आणि त्याचा भुर्दंड गिऱ्हाइकाला पडतो. ते गिऱ्हाईक पुन्हा दुकानात कशाला येईल?

पुस्तकं पाठवणाऱ्यांसाठी १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ आहे, तीनशे ग्रॅमला वीस रुपयांपासून. त्यातून जाहिरातींची पत्रकं मात्र पाठवता येत नाहीत.

मोबाईलवरचा संदेश फुकट जातो, हे खरंच. पण भामरागड, एटापल्लीकडच्या जंगलातल्या गावांत रेंज कधी असते, कधी नसते. तिथे घरात राहणारा कागद अजून कामाचा आहे. तेव्हा महाग झालं म्हणून पत्रं सरसकट बंद करू नयेत. वही तपासावी, पिन कोड पूर्ण लिहावा. पिन कोडची ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने घडवली आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून ती देशभर चालू आहे. पाकिटावर स्वतःचा पत्ताही टाकावा, म्हणजे परत आलेल्या पत्रांवरून बाद झालेले पत्ते कळतात आणि पुढच्या वर्षीचा खर्च वाचतो.

आणि एक विनंती. छपाईला पैसे देण्यापूर्वी नमुन्याचं एक भरलेलं पाकीट टपाल कार्यालयाच्या खिडकीवर न्या, काट्यावर ठेवून घ्या आणि त्या दिवशीचा दर विचारून मगच कागद ठरवा.