राजगृहातला फोटो
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



फेब्रुवारी 1934 चा तो फोटो आपल्या वस्तीत किती घरांत आहे बघा. डावीकडून यशवंतराव, बाबासाहेब, माता रमाई, वहिनी लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंद, आणि टॉबी कुत्रा. पोरांना विचारलं तर बाबासाहेब आणि रमाई एवढीच नावं सांगतात. टॉबी मात्र सगळ्यांना ठाऊक!

तो फोटो निघाला त्या राजगृहात आम्ही गिरणीतले चौघे जाऊन आलो. सिद्धेश्वर एक्सप्रेसने गेलो, सहा डिसेंबरची गर्दी मुद्दाम टाळून. आधी परळची बी.आय.टी. चाळ बघितली. तिथं 1912 पासून 22 वर्षं या कुटुंबानं दोन खोल्यांत काढली. आम्ही चाळीतच वाढलो, त्यामुळं ते गणित लगेच कळलं. चूल कुठं, अंथरुणं कुठं, आणि त्यातच बाबासाहेबांची पुस्तकं कुठं! या संसारात गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न अशी चार लेकरं गेली. फोटोत दिसतात ते एकटे यशवंतराव उरले.

मग दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृहावर गेलो. बाबासाहेबांनी हे घर मुख्यतः पुस्तकांसाठी बांधलं. तळमजल्यावर त्यांच्या वस्तू जतन केल्या आहेत. चपला काढून आत गेलो. आजवर त्या फोटोत आम्ही बाबासाहेबच बघत होतो. तिथं उभं राहिल्यावर रमाई दिसल्या. फोटोत त्या 36 वर्षांच्या आहेत, नुकत्याच स्वतःच्या घरात आलेल्या. पुढं 15 महिन्यांनी, 27 मे 1935 रोजी, याच घरात त्या गेल्या.

आपण सोलापूरकरांनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. रमाईंना पंढरपूरला जायचं होतं. आपल्या माणसांना तेव्हा देवळात जाऊ देत नव्हते, लांबूनच हात जोडायचे. बाबासाहेबांनी त्यांची समजूत घातली, की आपण आपलं वेगळं पंढरपूर उभं करू. चरित्रकारांनी हे लिहून ठेवलंय. साने गुरुजींच्या उपोषणानंतर 1947 साली ते देऊळ उघडलं, तेव्हा रमाईंना जाऊन 12 वर्षं झाली होती. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला लाखोंनी धम्म घेतला, तेव्हा 21 वर्षं. आपल्या आया-आज्या त्याच पंढरीच्या वाटेवरच्या. इथून ते गाव 70-75 किलोमीटर, पण कोणाची वाट किती लांब होती बघा!

या स्मरणिकेत तो फोटो छापायचं ठरलंय. कमिटीला आमची एक विनंती आहे. फोटोखाली पाचही जणांची नावं छापा, लक्ष्मीबाईंचं गाळू नका. टॉबीचं राहिलं तरी चालेल, ते पोरं सांगतील.

जयभीम! नमो बुद्धाय!