आकाशाची वाट अकरावीतून जाते

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



लष्करी वैमानिकाचं प्रशिक्षण आणि मुली, हा आजचा विषय. तो जाहीर झाला तेव्हा काहीजणींनी मला विचारलं, "आपण युद्धाच्या विरोधात बोलणाऱ्या. मग मुलींना लढाऊ विमानात बसवायला का निघालो?" प्रश्न रास्त आहे. त्याकडे मी येणारच आहे. आधी ही वाट कशी उघडली ते पाहू.

1994 साली हरिता कौर देओल यांनी हवाई दलाचं विमान एकटीनं उडवलं. वर्तमानपत्रांनी कौतुक केलं. पण तेव्हा मुलींना मालवाहू विमानं आणि हेलिकॉप्टरं एवढंच खुलं होतं. 1999 च्या कारगिल युद्धात गुंजन सक्सेना आणि श्रीविद्या राजन यांनी चीता हेलिकॉप्टर चालवलं. तरीही बायकांची नोकरी अल्प मुदतीची. मुदत संपली की घरी, पेन्शन नाही. कायम नेमणुकीसाठी स्त्री अधिकाऱ्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली, आणि 2010 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. लढाऊ विमानं 2016 मध्ये खुली झाली, तीही आधी 'प्रयोग' म्हणून. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचं, म्हणजे एनडीएचं, दार 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं उघडलं. 2022 मध्ये मुलींची पहिली तुकडी आत गेली आणि मे 2025 मध्ये 17 जणी शिक्षण पुरं करून बाहेर पडल्या. आपल्या पुण्याजवळ हे घडलं.

आता आजची वाट. मुलीला वैमानिक व्हायचं असेल तर मुख्य रस्ते दोन. पहिला बारावीनंतर एनडीएचा; वय साडेसोळा ते साडेएकोणीस. दुसरा पदवीनंतर 'ॲफकॅट' परीक्षेचा. वय 20 ते 24. या दुसऱ्या रस्त्यानं मिळणारी नेमणूक 14 वर्षांची असते. लेखी परीक्षेनंतर पाच दिवसांची निवड, वैद्यकीय तपासणी, उंची आणि पायाची लांबीसुद्धा मोजतात. वैमानिकाच्या कौशल्याची एक संगणकावरची चाचणी असते, ती आयुष्यात एकदाच देता येते. मग हैदराबादजवळ दुंडिगलला प्रशिक्षण. त्याचा खर्च सरकार करतं. एनडीएच्या परीक्षेला मुलींना फीसुद्धा नाही.

ऐकायला छान आहे. पण 2025 च्या पहिल्या जाहिरातीत एनडीएतून उड्डाण शाखेच्या जागा होत्या 92, आणि त्यांत मुलींसाठी 2! दार उघडलं म्हणायचं की फट पडली म्हणायची?

आणि त्या फटीपर्यंतही आपल्या मुली का पोचत नाहीत? दोन्ही रस्त्यांना बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागतं. मी काम करते त्या भागातल्या एका मुलीनं मला विचारलं, "ताई, मला पायलट व्हायचंय, फॉर्म कुठे मिळतो?" ती कला शाखेत बारावीला होती. दहावीला गणितात तिला चांगले मार्क होते. पण विज्ञानाचं कॉलेज तालुक्याला, परतीची एसटी संध्याकाळी उशिरा. वडील म्हणाले, "गावातच आर्ट्स कर." धाकट्या भावाला मात्र त्याच कॉलेजात घातलं. तिला कुणी परीक्षेत नापास केलं नव्हतं. तिचा अर्ज दोन वर्षं आधी, घरातच, फेटाळला गेला होता. आणि अट अशी की प्रशिक्षणात लग्न चालत नाही. एकोणिसाव्या वर्षी स्थळं बघणाऱ्या घरात ही अट कोण पाळणार?

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे. मुलगी बॉम्ब टाकू शकते, हे मला मुक्तीचं माप वाटत नाही. युद्धात सर्वात जास्त बायकाच होरपळतात, हे म्हणणं आपण सोडायचं नाही. पण एखादं काम करायचं की नाही, हे नाकारण्याचा हक्कसुद्धा ज्याला ते मिळू शकतं त्यालाच असतो. "तुला झेपणार नाही" असं दुसऱ्यानं ठरवणं वेगळं आणि "मला हे करायचं नाही" असं तिनं ठरवणं वेगळं. आपली लढाई या फरकासाठी आहे.

म्हणून माझं सांगणं साधं आहे. आठवी-नववीच्या मुलींच्या गटात शाखानिवडीबद्दल बोला. दहावीचा निकाल लागेपर्यंत थांबू नका. पालकांच्या बैठकीत विज्ञान शाखा, एसटीची वेळ आणि वसतिगृह हे विषय घ्या. एसटीची वेळ बदलून घेण्यासाठी आगारात निवेदन द्या. हेही स्त्रीमुक्तीचंच काम आहे. एनडीएच्या जाहिराती वर्षातून दोनदा येतात, त्या गटाच्या फळ्यावर लावा. आणि दोनच जागा का, हा प्रश्न लेखी विचारत राहा.

यातल्या बहुतेक मुली वैमानिक होणार नाहीत. पण गणित हातात राहिलेली मुलगी इंजिनियर होईल, नर्सिंगला जाईल, नाहीतर स्वतःचा हिशेब स्वतः ठेवील. तिचं लग्न दोन-चार वर्षं पुढे जाईल. एवढं झालं तरी आपलं काम वाया गेलं नाही.