गाडीची नवी बॅटरी घेताना



आज आपल्यापुढे मांडायचा विषय दिसायला किरकोळ आहे. मोटारगाडीची बॅटरी बसली, म्हणजे नवी कोणती घ्यावी आणि कशी पारखून घ्यावी, एवढाच तो विषय. परंतु समुद्रपूर तालुक्यासारख्या भागात राहणाऱ्या माणसाला तो वाटतो तितका किरकोळ नाही. खेड्यातली चारचाकी कागदोपत्री एकाच्या नावावर असली, तरी प्रसंगाला ती साऱ्या आळीची असते. रात्री अकराला शेजारच्या लेकीला कळा सुरू झाल्या, किंवा शेतात कुणाला साप चावला, तर १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेला फोन करायचाच. पण ती लांब असेल तर कुणाच्या तरी अंगणातली गाडी काढून हिंगणघाट नाहीतर सेवाग्राम गाठावे लागते. अशा वेळी किल्ली फिरवावी आणि आतून नुसता 'कट्' असा आवाज यावा, हे किती महागात पडते ते मी सांगायला नको.

आता पहिली गोष्ट. गाडी सुरू झाली नाही म्हणजे बॅटरी मेली, असे समजू नका. आपण गॅरेजात जातो, "सेल्फच घेऊन नाही राहिली" असे सांगतो, आणि तिथून ठरलेले उत्तर येते, "सर, बॅटरी खतम. नवीनच टाका." हे उत्तर पुष्कळदा खरे असते, पण नेहमी खरे नसते. माझ्या परिचयाच्या एका शिक्षकांनी एका वर्षात दोन बॅटऱ्या बदलल्या आणि तरी गाडी रुसलेलीच. शेवटी एका म्हाताऱ्या इलेक्ट्रिशियनने इंजिनापासून सांगाड्याला जाणारी जाड अर्थिंगची पट्टी सोडून दाखवली. ती गंजून निम्मी झाली होती. पट्टी बदलली, काम झाले. दोन्ही बॅटऱ्या बिचाऱ्या निर्दोष होत्या!

तेव्हा आधी तपास करावा. त्यासाठी शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा साधा मल्टिमीटर पुरे. बाजारातही तो दोन-तीनशे रुपयांत मिळतो. गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी इंजिन चालू करण्यापूर्वी बॅटरीच्या दोन्ही टोकांना मीटर लावा. १२.६ किंवा १२.७ व्होल्ट दिसले, तर बॅटरी पूर्ण भरलेली आहे. १२.२ म्हणजे जवळजवळ अर्धी. १२ च्या खाली काटा आला, तर ती रिती झाली आहे असे समजा. पण रिती होणे वेगळे आणि निकामी होणे वेगळे. रिती बॅटरी दुकानात नेऊन चार्जिंगला लावावी, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावी. नंतर कुणाला तरी किल्ली फिरवायला सांगून मीटरकडे पाहावे. सेल्फ फिरत असताना आकडा साडेनऊच्या खाली कोसळला, तर मात्र तिचे दिवस भरले. आणि इंजिन चालू झाल्यावर बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. तेवढे येत नसतील, तर अल्टरनेटर वीज पुरवत नाही. १५ च्या वर जात असतील, तर तो जास्त वीज देऊन बॅटरीतले पाणी उकळून काढतो आहे. या दोन्ही स्थितींत नवी बॅटरी घालणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे.

बॅटरीत वीज साठवलेली असते असे आपण म्हणतो, पण विहिरीतल्या पाण्यासारखी ती तिथे नसते. शिशाच्या प्लेटा आणि पातळ केलेले गंधकाचे आम्ल यांच्यात रासायनिक क्रिया होते आणि त्यातून वीज निघते. उलट दिशेने वीज सोडली की क्रिया उलटी फिरते. १८५९ साली गास्तों प्लान्ते या फ्रेंच संशोधकाने ही युक्ती शोधली. दीडशेहून अधिक वर्षे झाली, तरी तुमच्या-आमच्या पेट्रोल-डिझेल गाडीच्या बॉनेटखाली मुळात तीच आहे. सहा कप्पे, प्रत्येकात सुमारे दोन व्होल्ट, मिळून बारा. मोटारीत सेल्फ आला तो १९१२ च्या सुमारास, अमेरिकेतल्या कॅडिलॅक गाडीत. त्याआधी आणि आपल्याकडे त्यानंतरही कितीतरी वर्षे पुढे हॅण्डल घालून इंजिन फिरवावे लागे. जुन्या जीपचे हॅण्डल उलटून मनगट दुखावलेली माणसे आजही भेटतील.

इंजिन चालू करायला फार वीज लागते, असा आपला समज असतो. लागते खरी, पण क्षणभर. सेल्फ दीडशे अँपिअर घेतो असे धरले आणि तो दोन सेकंद चालला, तर खर्च होतो अँपिअर-तासाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला हे काहीच नव्हे. ती रिती होते ती उभ्या गाडीत. शिक्षकांसाठी एक हिशेब सांगतो; वर्गात मुलांनाही घालता येईल. गाडीच्या छताचा जुन्या पद्धतीचा दहा वॉटचा दिवा सुमारे ०.८ अँपिअर घेतो. ३५ भागिले ०.८३ म्हणजे ४२ तास. शनिवारी दुपारी बाराला शाळा सुटली आणि दार नीट न लागल्याने दिवा तसाच राहिला, तर सोमवारी सकाळी सहाला बॅटरी पार कोरडी! नवीन गाड्यांत घड्याळ, अलार्म, संगणक अशी मंडळी गाडी बंद असतानाही थोडी थोडी वीज पीत असतात. म्हणून दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर गाडी हलवायची नसेल, तर बॅटरीची वजा बाजूची तार सोडून ठेवणे शहाणपणाचे.

आता आपल्या मुलखाचे बोलू. बॅटरीच्या जाहिरातींत, विशेषतः परदेशी माहितीत, थंडीत इंजिन सुरू करण्याच्या ताकदीचा एक आकडा मोठ्या अक्षरांत असतो. त्याला सीसीए म्हणतात. तो आकडा उणे १८ अंश सेल्सिअसच्या थंडीत मोजतात. समुद्रपुरात पौषातही इतकी थंडी कुणी पाहिली नाही. बॅटरी थकली किती हे यंत्रावर तपासायला तो आकडा उपयोगी आहे, पण दोन बॅटऱ्यांतून निवड करताना त्याला भुलण्याचे आपल्याला कारण नाही. आपला शत्रू थंडी नसून ऊन आहे. नवतप्यात वर्धा जिल्ह्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि बॉनेटखाली तर त्याहून कितीतरी अधिक. उष्णता दहा अंशांनी वाढली की रासायनिक क्रियेचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. त्यामुळे आतल्या प्लेटांची जाळी लवकर गंजते, पाणी आटते, आणि थंड प्रदेशात पाच-सहा वर्षे चालणारी बॅटरी आपल्याकडे तीन-चार वर्षांतच थकते.

यात एक गंमत आहे. बॅटरी आजारी पडते वैशाखात आणि मरते पौषात. उन्हाळ्यात प्लेटा खराब होतात, पण इंजिनातले तेल पातळ असल्याने काम निभावून जाते. पुढे डिसेंबरची थंडी पडते, तेल घट्ट होते, बॅटरीतली क्रियाही मंदावते, आणि एका सकाळी गाडी उठत नाही. आपण दोष देतो थंडीला. तीन वर्षे झालेली बॅटरी असेल, तर दिवाळीच्या आसपास एकदा मोजून घ्या.

बरे, नवी घ्यायचीच ठरली. तर कोणती? गाडीबरोबर आलेली पुस्तिका काढा, किंवा जुन्या बॅटरीच्या अंगावरचे आकडे एका कागदावर उतरवून दुकानात जा. लहान पेट्रोल गाडीला साधारण ३५ अँपिअर-तासांची लागते. डिझेल इंजिनात हवा फार दाबावी लागते, त्यामुळे जीप किंवा ट्रॅक्टरला तिच्या दुप्पट वा अधिक. सांगितल्यापेक्षा कमी क्षमतेची घेऊ नये. किंचित जास्त चालते. पण "मोठी घेतली की जास्त टिकेल" म्हणून ट्रॅक्टरची बॅटरी मोटारीत कोंबू नका. ती चौकटीत बसत नाही, पट्टी आवळली जात नाही, आणि उंची जास्त झाली तर बॉनेटचा पत्रा टोकांना टेकून ठिणगी पडते.

बॅटरीवर '३८बी२०एल' अशासारखे नाव असते, त्यातला २० हा सेंटीमीटरमधला लांबीचा आकडा. शेवटचे अक्षर मात्र नीट पाहा. 'एल' आणि 'आर' या बॅटऱ्या बाकी सारख्याच असतात, फक्त अधिक आणि वजा टोकांच्या जागा उलट. चुकीची आणली, तर तार पुरत नाही. आणि ओढूनताणून उलटी जोडली, तर एका क्षणात अल्टरनेटर आणि गाडीचा संगणक जळू शकतो. काही नव्या गाड्या सिग्नलला थांबताच आपोआप बंद होतात आणि क्लच दाबताच चालू होतात. त्यांना ईएफबी किंवा एजीएम जातीचीच बॅटरी लागते. तिथे स्वस्त साधी बॅटरी घातली तर ती लवकरच बसेल.

आणखी एक प्रकार मी खेड्यांत वरचेवर पाहतो. घरच्या इन्व्हर्टरला गाडीची जुनी बॅटरी जोडायची, किंवा अडचण आली म्हणून इन्व्हर्टरची गाडीला. दोघींचा जन्मच वेगळ्या कामासाठी झालेला असतो. गाडीच्या बॅटरीत पातळ आणि पुष्कळ प्लेटा असतात; ती क्षणभर जोर लावते, लगेच भरून निघते. इन्व्हर्टरच्या ट्यूब्युलर बॅटरीत प्लेटा जाड. ती तासन्‌तास थोडी थोडी वीज देते. शर्यतीच्या बैलाला नांगराला जुंपावे तसे गाडीच्या बॅटरीचे इन्व्हर्टरवर होते. वरचेवर पूर्ण रिती झाली की काही महिन्यांतच ती आटोपते.

दुकानात गेल्यावर कंपनीच्या नावापेक्षा बॅटरीची जन्मतारीख आधी विचारा. बॅटरी मांडणीवर पडून पडून आपोआप रिती होते, आणि रित्या प्लेटांवर पांढरे कठीण क्षार धरतात. तारीख अंगावर छापलेली असते, परंतु सांकेतिक अक्षरांत. दुकानदाराकडून ती उलगडून घ्या. तीन महिन्यांच्या आतली उत्तम. जुनी असेल आणि मीटरवर १२.४ पेक्षा कमी दाखवत असेल, तर दुसरी मागा. हिंगणघाटला किंवा जामच्या चौकात ज्या दुकानी खप जास्त, तिथे माल ताजा मिळण्याचा संभव अधिक, हा साधा व्यवहार आहे.

हमीचा कागद वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. '३६ महिने' असे ठळक लिहिलेले असते, पण त्यातले पहिले काही महिनेच फुकट बदलून मिळते. उरलेल्या काळात नव्या बॅटरीच्या छापील किमतीवर काही टक्के सूट, एवढेच. आणि दुकानदार एरवीही छापील किमतीहून कमीतच विकत असल्याने त्या सुटीत हाती फारसे लागत नाही. म्हणून दोन बॅटऱ्यांची तुलना करताना फुकट बदलीचे महिने पाहावेत. गाडी भाड्याने चालत असेल, तर हमी बहुधा आणखी कमी असते. कागदावर गाडीचा क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या.

जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्या. तिच्या निम्म्याहून अधिक वजनाचे शिसे आत असते, त्यामुळे तिचेही पैसे बिलातून वजा होतात. भंगारवाला दहा-वीस रुपये जास्त देईल. पण तो ती उघड्यावर फोडतो, आम्ल नालीत ओततो आणि शिसे चुलीवर वितळवतो. शिशाचा धूर आणि धूळ लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा करते. युनिसेफच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या सुमारे दर तीन मुलांमागे एकाच्या रक्तात शिशाचे प्रमाण चिंता वाटावी इतके आढळते, आणि बॅटऱ्या अशा आडमार्गाने फोडणे हे त्याचे एक मोठे कारण. केंद्र सरकारच्या २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांतील धातू पुन्हा वापरात आणण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. आपण ती दुकानात दिली तरच ती साखळी पुढे चालते. परसात, विहिरीजवळ, मुलांच्या हाताशी ती ठेवू नये.

बॅटरी बसवताना जवळ उभे राहा. सोडताना आधी वजा टोक, जोडताना वजा टोक शेवटी. असे केले म्हणजे पाना चुकून सांगाड्याला लागला तरी ठिणगी उडत नाही. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून त्या वेळी विडी-काडी दूर. तारांच्या टोकांवर पांढरे-हिरवे किटण असेल, तर खाण्याचा सोडा कोमट पाण्यात घालून धुऊन काढा, कोरडे करा आणि जोडणी झाल्यावर वरून थोडे व्हॅसलिन लावा. बॅटरी आवळणारी पट्टी घट्ट हवी, कारण आपल्या पांदण रस्त्यांवरच्या हादऱ्यांनी प्लेटांचा मसाला झडतो. झाकणे उघडणारी बॅटरी असेल, तर उन्हाळ्यात महिन्याला पाणी पाहावे, ते डिस्टिल्डच घालावे. बोअरचे क्षाराचे पाणी नको, आणि आम्ल तर कधीच नको. वरचा हिरवा डोळा दिसतो म्हणून निर्धास्त राहू नका. तो सहांपैकी एकाच कप्प्याची खबर देतो.

सारे झाल्यावर गाडी चालू करायला सांगा आणि मीटर पुन्हा एकदा लावा. १३.८ ते १४.४ च्या दरम्यान आकडा आला, की बॅटरीच्या अंगावर पक्क्या शाईने आजची तारीख लिहा, आणि मग दुकानदाराचे पैसे चुकते करा.