नऊ ते तेरा : मुलांच्या हाती कोणते पुस्तक द्यावे?



अक्षरे जुळवून वाचायला मूल तिसरीपर्यंत शिकते. पुढे नऊ ते तेरा या वयात वाचनाची गोडी एक तर लागते, नाही तर बहुधा कायमची राहून जाते. ज्या घरात पाठ्यपुस्तक आणि मार्गदर्शक यांवाचून तिसरे पुस्तक येत नाही, तेथले मूल वाचन म्हणजे परीक्षा असेच समजू लागते. म्हणून हसनाबादेत आज आम्ही पुस्तकांची नावे घेऊनच बोलणार आहोत.

प्रथम पद्य. लांबलचक पद्यकथा मुलांना झेपेल काय, अशी शंका कोणी घेईल. पण श्रीधराचा 'पांडवप्रताप' म्हणजे ओवीतली कादंबरीच नव्हे काय? पोथी लागली की निरक्षर माणसेही ती तासन् तास ऐकत. तोच कान आपल्या मुलांना मिळाला आहे. त्यांना विंदा करंदीकरांचे 'राणीची बाग' (१९६१) आणि 'एटू लोकांचा देश' (१९६३) द्या. कविता मोठ्याने म्हणून घ्या. अर्थ मात्र लगेच विचारू नका. अर्थ विचारला की कवितेचा धडा होतो.

आता गद्य. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिले. त्यात बेचाळीस रात्री आहेत. रोज एक रात्र वाचली तर सहा आठवड्यांत, म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीत, पुस्तक पुरे होते. काही मुलांना त्यातले अश्रू जड जातात. त्यांना रागावू नये. त्यांच्या हाती ताम्हनकरांचा 'गोट्या' किंवा भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' द्यावा. फेणे हा फुरसुंगीहून पुण्याच्या शाळेत गेलेला मुलगा. खेड्यातून आला म्हणून तो कोठे अडत नाही. बारा-तेराव्या वर्षी प्रकाश नारायण संतांचे 'वनवास' द्यावे. त्यातला लंपन आईवडिलांपासून दूर, आजीआजोबांपाशी वाढतो. ऊसतोडीला आईबाप गेल्यावर मागे राहणारी मुले आपल्या भागात थोडी नाहीत. त्यांना आपले मन कोणी तरी छापून ठेवले आहे हे कळले, तर तो आधार लहान नव्हे.

पैशाची अडचण आम्ही जाणतो. पण १९७१ पासून निघणाऱ्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर विनामूल्य ठेवले आहेत. घरात एक फोन असला तरी आजी ऐकेल आणि नात वाचील.

शेवटी शिक्षकांना व ग्रंथपालांना एक विनंती. पुस्तके फाटतील म्हणून कपाटाला कुलूप लावू नका. फाटलेले पान खळीने चिकटवता येते. तेराव्या वर्षी तुटलेले वाचन पुढे जोडणे फार कठीण जाते.