हिरवा दिवा लागला, पण...



गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या सोसायटीत एक नवी इलेक्ट्रिक मोटार काही केल्या चार्ज होईना. गाडीबरोबर आलेल्या केबलच्या डबीवर लाल दिवा लागायचा, बस्स. डबी बिघडलेली नव्हती. वीज सोडण्याआधी ती प्लगचं अर्थिंग तपासते, आणि पार्किंगमधल्या त्या प्लगला अर्थिंगच नव्हतं. वायरमन आला. त्यानं बोर्ड उघडला, बोटभर वायरचा तुकडा घेतला आणि न्यूट्रल नि अर्थ आतल्या आत जोडून टाकले. हिरवा दिवा लागला. सगळे खूश.

तो तुकडा पाहून माझ्या पोटात गोळा आला. प्लगच्या अर्थची वायर थेट गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते. उद्या मागे कुठं न्यूट्रल तुटली, किंवा फेज-न्यूट्रलची अदलाबदल झाली, तर वीज त्या तुकड्यातून पत्र्यावर उतरणार. आणि पावसाळ्यात ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून एखादं पोर दार उघडायला हात लावणार. ज्या डबीनं सावध केलं, तिचंच तोंड आपण बंद केलं!

"एमसीबी आहे ना," असं मला तिथं ऐकवलं गेलं. अहो, एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. 16 अँपिअरचा एमसीबी त्याहून कमी प्रवाहाला हलतही नाही. माणसाचं काळीज बंद पडायला एका अँपिअरचा दहावा हिस्सा पुरतो. माणसासाठी असतो तो आरसीसीबी. गेलेला आणि परत आलेला प्रवाह तो सतत तोलत असतो, आणि 30 मिलिअँपिअरची तफावत दिसताच डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडतो.

तोही कुठलाही चालत नाही. गाडीच्या चार्जरमधून डीसी गळती होऊ शकते, आणि घरात सर्रास बसवतात तो 'एसी' प्रकारचा आरसीसीबी तिच्यापुढे आंधळा होतो. म्हणून 'बी' प्रकारचा घ्या. किंवा चार्जरमध्येच 6 मिलिअँपिअरची डीसी गळती पकडायची सोय असेल, तर 'ए' प्रकारचा.

त्या सोसायटीनं तुकडा काढला, कोळसा-मीठ घालून अर्थिंगचा नवा खड्डा केला, प्लगपर्यंत वेगळी हिरवी वायर आणली. उन्हाळ्यात वॉचमन त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओततो.

आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबा. दाबूनही वीज गेली नाही, तर त्या प्लगला गाडी लावू नका.