नावात ऑइल, पण तेल नव्हे
(मंडळाच्या गणेशोत्सवात भिलाई येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यवाहांनी वाहनाच्या देखभालीवर बोलायला सांगितले. मी माझ्याच एका चुकीबद्दल बोलणार आहे.

२००३ सालची गोष्ट. दिवाळीला गाडीने नागपूरला जायचे होते. आठ दिवस आधी, संध्याकाळी, ब्रेकच्या टाकीतली पातळी थोडी कमी दिसली. फडताळातली बाटली काढली आणि दोन-तीन चमचे ओतले. दुसऱ्या दिवशी पाहतो तो ब्रेक ऑइलच्या डब्याचे सील तसेच! मी ओतले होते ते इंजिन ऑइल.

आपण 'ब्रेक ऑइल' म्हणतो, पण गाड्यांत सहसा चालणारे डॉट ३ किंवा डॉट ४ हे तेल नसतेच. ते ग्लायकॉल जातीचे द्रव असते, पाण्यात मिसळते. ब्रेकमधली रबरे त्यालाच सोसतील अशी बनवलेली असतात. खनिज तेल लागले की ती फुगतात.

हे मला ठाऊक होते. तरी सिरिंजने वरचा थर काढला आणि मनाची समजूत घातली. घरी बोललो नाही. रोज लोकांना सुरक्षिततेचे धडे देणारा मी, लाज वाटली.

दिवाळीला सौभाग्यवती, मुले आणि आई यांना घेऊन निघालो. राजनांदगावपाशी गाडी ओढेना. पुढच्या चाकांतून जळका वास येऊ लागला. मेकॅनिकने टाकीचे झाकण उघडले. आतले रबर फुगून वेडेवाकडे झाले होते. त्याने टाकीतले थोडे द्रव पाण्याच्या ग्लासात टाकले. वर तेलाचा तवंग आला.

"साहब, इसमें इंजन ऑयल किसने डाला?"

मी खाली पाहिले. सौ. एवढेच म्हणाली, "तुम्हाला आठ दिवसांपासून माहीत होतं?" आई मागच्या सीटवर होती. त्या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

मास्टर सिलिंडरमधले रबर फुगले की द्रव परत यायचे छिद्र बंद होते. पाय काढला तरी ब्रेक सुटत नाही, चाक तापते. पुढे रबर फाटले तर पेडल थेट तळाला जाते. आम्ही गाडी तिथेच ठेवून रेल्वेने नागपूर गाठले. मास्टर सिलिंडर, चाकांकडची सगळी रबरे आणि रबरी नळ्या नव्या घातल्या, लोखंडी नळ्या धुतल्या, नवे द्रव भरून हवा काढली. खर्च दिवाळीच्या खरेदीएवढा झाला.

तेव्हा लक्षात ठेवा. चुकीचे द्रव पडले तर पेडल दाबू नका, गाडी सुरू करू नका, ती ओढून न्या. वरवर उपसून भागत नाही. टाकीवर लिहिलेलेच द्रव, सीलबंद डब्यातले, उजेडात घाला. ते हवेतला ओलावा शोषते. डॉट ४ नवे असताना किमान २३० अंशांना उकळते, ओलावा शिरल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत उतरते. म्हणून साधारण दोन वर्षांनी बदला. आणि पातळी उतरली की भरण्याआधी गळती आणि ब्रेक पॅडची झीज तपासा.

शेवटचे, चूक झाली तर त्याच दिवशी घरात सांगा. गाडीत आपण एकटे नसतो.

गणपती बाप्पा मोरया!