सरडा पाळावा काय?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सरड्यावर बोलणार म्हटल्यावर पुष्कळ जणींनी तोंडाला पदर लावला. हसावे खुशाल, पण हा विषय आता आपल्या उंबरठ्याशी आला आहे. परदेशातील मुले खांद्यावर हिरवागार सरडा घेऊन हिंडताना मोबाइलवर दिसतात आणि आपली मुले हट्ट धरतात, "आपणही एक पाळू या!" त्यांना काय सांगावे, एवढेच मला आज बोलायचे आहे.

कुंपणावर मान हलवीत बसतो तो साधा सरडा निराळा. मी म्हणते तो घोयरा; इंग्रजीत त्याला कॅमेलिऑन म्हणतात. भारतात त्याची एकच जात आढळते. शेपटीसकट फूटभर लांब, अंगाने चपटा, डोक्यावर टोपीसारखा उंचवटा. एक डोळा पुढे पाहत असतो तेव्हा दुसरा मागे पाहू शकतो. पायाची बोटे चिमट्यासारखी दुभागलेली, त्यामुळे फांदी घट्ट धरता येते. जीभ तर अंगापेक्षाही लांब सुटते आणि किडा टिपून परत येते. त्याला विष नाही, तो रक्तही शोषीत नाही. त्याला दगड मारणे हे निव्वळ अज्ञान होय.

रंग बदलणाऱ्या माणसाला आपण सरडा म्हणतो. पण हा बिचारा कोणाला फसविण्यासाठी रंग पालटतो असे नाही. ऊन, थंडी, भीती, राग यांनी त्याचा रंग पालटतो. त्वचेतील अतिसूक्ष्म स्फटिकांमधले अंतर कमीजास्त झाले की रंग बदलतो, हे जिनिव्हाच्या शास्त्रज्ञांनी मादागास्करमधील एका जातीवर अभ्यास करून २०१५ साली दाखविले. म्हणजे रंग ही त्याची भाषाच झाली. काळपट पडला तर बहुधा तो भ्यालेला किंवा गारठलेला आहे असे समजावे.

ही भाषा मी घरातच पाहिली. माझ्या नातवाने शेतातल्या लिंबावरून एक घोयरा खोक्यात घालून आणला. वाटीत पाणी ठेवले, भाताची शिते ठेवली. संध्याकाळी रडवेला होऊन म्हणाला, "आजी, हा काहीच खात नाही, पाणीसुद्धा पीत नाही. आणि काळा पडलाय." मी वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन लावला. सकाळी वनरक्षक आले. त्यांनी पोराला रागे न भरता समजावून सांगितले, आणि ते आपणांसही सांगण्यासारखे आहे.

घोयरा वाटीतले पाणी सहसा ओळखीत नाही. पानांवरचे दवाचे, पावसाचे थेंब चाटतो. त्याला हलणारा किडा लागतो, शिते नव्हेत. रोज जिवंत टोळ, नाकतोडे कोण पुरविणार? कपाशीवरचे धरावेत, तर त्यांच्या अंगावर फवारणीचे औषध. त्याला कोवळे ऊन हवे, आणि खिडकीच्या काचेतून आलेले चालत नाही. कारण हाडे बळकट करणारे किरण काच अडविते. ते न मिळाले तर हाडे मऊ पडून वाकतात. त्याला एकटेपणा प्रिय. दोन नर जवळ ठेवले तर भांडतात. मादीला अंडी घालण्यासाठी जमीन उकरावी लागते. खोक्यात माती नसली तर अंडी पोटातच अडून ती मरते. हातात घेऊन कुरवाळणे हे आपल्याला प्रेम वाटते, त्याला ते शत्रूने धरल्यासारखेच.

नातवाने विचारले, "म्हणजे इथे राहिला असता तर मेला असता?" वनरक्षक म्हणाले, "हो बाळ." पोराने डोळे पुसले, आणि स्वतः त्यांना ते लिंबाचे झाड दाखवायला गेला. फांदीवर ठेवल्यावर घोयरा हळूहळू डुलत वर चढला आणि पानांत दिसेनासा झाला.

कायद्याचेही ऐकून ठेवा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोयऱ्याला संरक्षण आहे. त्याला पकडणे, पाळणे, विकणे हा गुन्हा आहे. परदेशी जातीचा आणला तरी २०२२ च्या दुरुस्तीप्रमाणे त्याची सरकारी नोंद करावी लागते. तेव्हा कोणी बाजारात विकायला आणला तर दया येऊन विकत घेऊ नका. त्याने धंदा वाढतो. वनखात्याला कळवा. जखमी प्राणी सापडला तर आपल्याच जिल्ह्यात, शिरूर कासार तालुक्यातील तागडगावला, सिद्धार्थ व सृष्टी सोनवणे हे दांपत्य सर्पराज्ञी नावाचे वन्यजीव केंद्र चालविते.

भगिनींनो, मुलांची जीव लावण्याची हौस मोडू नका. तिला वळण लावा. बांधावरचे लिंब, बाभूळ तोडू देऊ नका, म्हणजे घोयरा आपोआप राहील आणि आपल्या पिकावरचे किडे खाईल. मुलांना ते झाड दाखवा, लांबून पाहायला शिकवा. एखाद्या जिवाला पिंजऱ्यावाचूनही आपले म्हणता येते, हे आईने शिकविले तरच मूल शिकेल.